आईच्या पडद्यावरची तुटकी रेघ : तंतुकणिका आणि पीतबिंदूची झीज

ओसरी
१२ जानेवारी, रात्री ९.१०

आई ७६ वर्षांची आहे, मिरजेत आमच्या जुन्या घरात राहते. गेल्या पावसाळ्यात तिनं मला दोन गोष्टी सांगितल्या. तांदूळ निवडताना ताटात जिथं नजर रोखावी नेमके तिथलेच दाणे पुसट होतात, जरा कडेला बघितलं की दिसतात. आणि अंगणातल्या उन्हातून देवघरात आलं की बराच वेळ समईची ज्योत दिसते, समई दिसत नाही. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, त्यामुळे डोळ्यांचं काम संपलं असं मी धरून चालले होते. ही माझी चूक झाली. दुसऱ्या कुणाची होऊ नये म्हणून आधी तेच सांगितलं.

पहिल्यांदा जिथं दाखवलं तिथून 'वय झालं, चालायचंच' एवढंच ऐकून परत आलो. तीन महिन्यांनी पडद्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, पडदा तपासला, ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन, काढला. निदान झालं पीतबिंदूच्या (पडद्याच्या ऐन मध्याच्या) वयोमानानुसार होणाऱ्या झिजेचं, म्हणजे एएमडी. दोन्ही डोळ्यांत, सुकी, मधल्या टप्प्यातली. मग त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. चिरोट्याला पदर असतात तसे करड्या-पांढऱ्या थरांचे पदर दिसत होते. त्यातल्या एका बारीक पांढऱ्या रेघेवर पेनाचं टोक ठेवून ते म्हणाले, "आजी, ही रेघ सलग पाहिजे. इथं बघा, तुटलीय."

आई म्हणाली, "उसवलीय म्हणा की."

घरी येऊन त्या रेघेचं नाव शोधलं. इलिप्सॉइड झोन. पडद्यातल्या उजेड टिपणाऱ्या दंडपेशी आणि शंकूपेशींचा एक भाग तंतुकणिकांनी, म्हणजे मायटोकाँड्रियांनी, ठासून भरलेला असतो, त्याची ही रेघ. मी २९ वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. 'तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र' हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. पण जिवंत माणसाच्या तंतुकणिकांचा थर असा रेघ होऊन समोर दिसू शकतो, आणि तुटलेली रेघ माझ्या आईची असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. तेव्हापासून वाचते आहे. समजलं ते मांडते, चुकेल तिथं सांगा.

दृष्टिपटलाला, म्हणजे या पडद्याला, वजनाच्या मानानं प्रचंड ऊर्जा लागते. मला सगळ्यात नवल वाटलं ते हे की दंडपेशीचा जास्तीत जास्त खर्च अंधारात होतो. आपण समजतो उजेडात डोळा राबतो आणि अंधारात विसावतो. आहे उलटं. अंधारात पेशीच्या आवरणातली दारं उघडी असतात, सोडियम सारखा आत येत राहतो आणि तो सारखा बाहेर उपसावा लागतो. उंदराच्या एका दंडपेशीला अंधारात सेकंदाला साधारण १० कोटी एटीपी रेणू (पेशीची ऊर्जेची सुटी नाणी) खर्चावे लागतात, असा हिशोब २००८ मध्ये मांडला गेला. लख्ख उजेडात तोच खर्च पाव हिश्श्याच्याही खाली येतो. म्हणजे रात्री दिवा मालवून आई आडवी होते तेव्हा तिच्या पडद्यातले पंप जोरात चालू असतात.

या पेशींच्या पाठीला पाठ लावून षटकोनी पेशींचा एकच थर असतो, पोळ्याच्या घरांसारखा. त्याला आरपीई म्हणतात. दंडपेशी आपल्या टोकाकडच्या, उजेड टिपणाऱ्या जुन्या चकत्या रोज टाकतात आणि आरपीई त्या गिळतो, दिवसाला साधारण दहावा हिस्सा. रिचर्ड यंग यांनी १९६० च्या दशकात किरणोत्सारी अमिनो आम्लं वापरून चकत्यांचं हे नवं-जुनं होणं दाखवून दिलं. दंडपेशींची टाकाटाक सकाळी उजेड झाल्यावर सगळ्यात जास्त होते. आरपीईच्या पेशी मोठेपणी सहसा विभागत नाहीत. मग आईच्या डोळ्यात जवळजवळ त्याच पेशी ७६ वर्षं, एकही सुट्टी न घेता, दुसऱ्याचं टाकलेलं पचवतायत. सगळं पचत नाही. काही लायपोफ्यूसिन म्हणून आतच साठतं. आणि या थराच्या खाली, ब्रुकच्या पटलावर, चरबी आणि प्रथिनांचे पिवळट गोळे बसतात, तेच ड्रूसेन. आईच्या स्कॅनमध्ये ते थराखाली दाणे ठेवल्यासारखे दिसत होते.

इतक्या राबत्या पेशीतल्या तंतुकणिका थकल्या तर काय होईल, हे मला समजून घ्यायचं आहे. 'वय झालं' हे उत्तर मला पटत नाही. वय गुडघ्यालाही होतं आणि कानालाही होतं. पडद्याच्या नेमक्या मध्यात, नेमक्या याच थरात झीज का होते?

तळकोकणी
१२ जानेवारी, रात्री ९.५५

वाचतोय. माझ्या वडिलांचा सुका होता तो ओला झाला. सविस्तर उद्या लिहितो. ताई, आईंना आजच एक करा, चौकटींचा कागद घरात लावा. आम्ही उशीर केला.

पेशीपुराण
१२ जानेवारी, रात्री ११.३०

ओसरीताई, प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे. मी पुण्यात पेशींच्या चयापचयावर काम करतो, डोळ्यांचा डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांबद्दल बोलणार नाही. पण इंधनाची बाजू सांगू शकतो.

ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात एक विचित्र गोष्ट नोंदवली होती. दृष्टिपटलाला भरपूर ऑक्सिजन दिला तरी ते साखरेचा मोठा भाग पूर्ण न जाळता लॅक्टेट करून बाहेर टाकतं. असं वागणं त्यांना कर्करोगाच्या पेशींत दिसलं होतं. निरोगी ऊती असं का करते, हे कोडं फार वर्षं राहिलं. एक कारण असं की दंडपेशींना रोज नव्या चकत्या बांधायच्या असतात आणि त्या बांधायला साखरेतला कच्चा माल लागतो.

या लॅक्टेटचं पुढं काय होतं ते जास्त महत्त्वाचं. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जेम्स हर्ली यांच्या गटानं २०१७ मध्ये ते नीट मांडलं. मध्यभागातल्या दंड-शंकूपेशींपर्यंत रक्तवाहिन्या जात नाहीत. त्यांची साखर मागच्या कोरॉइड या रक्तवाहिन्यांच्या थरातल्या रक्तातून, आरपीईच्या थरातून आरपार यावी लागते. म्हणजे आरपीई हा वाढपी. साखरेचं पातेलं त्याच्या हातात आहे, पण तो स्वतः त्यातलं खात नाही. पंगतीकडून परत येतं ते लॅक्टेट तो खातो. लॅक्टेट जाळायला लागतात चांगल्या तंतुकणिका. त्या बिघडल्या की वाढप्याला परत आलेलं पचत नाही, तो पातेल्यातली साखर स्वतःच खायला लागतो, आणि पंगत उपाशी उठते.

म्हणून आरपीईतला बिघाड आरपीईपुरता राहत नाही. तुमच्या आईंच्या स्कॅनमध्ये रेघ तुटलेली दिसते ती पंगतीची. कळ बहुधा वाढप्याच्या पोटात आहे.

मध्यातच का, याचं मला पटणारं उत्तर असं: पेशींची गर्दी तिथं सगळ्यात जास्त, उजेड तिथंच एकवटतो, आणि रसद येते ती एकाच बाजूनं, आरपीईकडून. ड्रूसेन आणि जाड झालेलं ब्रुकचं पटल याच वाटेत आडवं येतं.

अवांतर: शंकूपेशीतल्या तंतुकणिका उजेडही गोळा करतात. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमध्ये तेरा पट्ट्यांच्या जमिनीवरच्या खारीच्या डोळ्यांवर काम झालं, २०२२ मध्ये छापून आलं. तिथं तंतुकणिकांची दाट मोळी बारीक भिंगासारखी उजेड पुढच्या टोकाकडे वळवते असं दिसलं.

मिनिआपोलिसकर
१३ जानेवारी, सकाळी ७.२०

'कळ बहुधा वाढप्याच्या पोटात' याला पुरावा आहे, आणि तो मी राहतो त्याच गावात जमा झालेला आहे म्हणून लिहितो.

इथल्या मिनेसोटा विद्यापीठात डेबोरा फेरिंग्टन यांच्या गटानं बरीच वर्षं दान केलेल्या डोळ्यांवर काम केलं. डोळे मिनेसोटा लायन्स आय बँकेतून यायचे. प्रत्येक डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढून आजार कोणत्या टप्प्यावर होता ते आधी ठरवायचं, आणि मग आरपीईतल्या तंतुकणिकांचा डीएनए तपासायचा. २०१० मध्ये त्यांनी दाखवलं की आजार जितका पुढचा तितकी या डीएनएवरची इजा जास्त. २०१५ मध्ये त्याच डोळ्यांतला आरपीई आणि वरचा चेतापडदा (दंड-शंकूपेशी असलेला भाग) वेगवेगळा तपासला. इजा आरपीईत होती, चेतापडद्यात नव्हती. त्याही आधी, २००६ मध्ये, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एएमडीच्या डोळ्यांत आरपीईतल्या तंतुकणिका कमी झालेल्या आणि त्यांच्या आतल्या घड्या मोडलेल्या दिसल्या होत्या. नुसत्या म्हाताऱ्या डोळ्यांपेक्षा एएमडीच्या डोळ्यांत हे प्रमाण जास्त होतं.

ओसरीताई, 'वय झालं' आणि 'आजार झाला' यातला फरक मोजून दाखवता येतो तो असा. फेरिंग्टन पुढं कॅलिफोर्नियातल्या डोहेनी आय इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या. या सगळ्या आकड्यांमागं कुणीतरी मरणोत्तर दिलेले डोळे आहेत, हे मला सारखं आठवत राहतं.

सदाफुली
१३ जानेवारी, दुपारी २.०५

फार जवळचा विषय. माझ्या सासऱ्यांना (८०) हेच आहे. त्यांना कुणीतरी व्हिडिओ पाठवला, 'तंतुकणिकांसाठी लाल उजेड, रोज तीन मिनिटं'. त्यांनी ऑनलाइन लाल टॉर्च मागवली आणि सकाळी उठून डोळ्यांत मारायला सुरुवात केली. शिवाय तंतुकणिकांना बळ देणाऱ्या गोळ्यांची एक बाटली, महिन्याला साडेतीन हजारांची. मी अडवलं तर म्हणतात, "तुला काय कळतंय, लंडनचं संशोधन आहे." खरंच आहे का? आणि थांबवावं का?

दृष्टांत
१३ जानेवारी, रात्री १०.४०

सदाफुली, टॉर्च आजच काढून घ्या. मी नेत्रतज्ज्ञ आहे, पडद्याचंच काम करते.

लंडनचं संशोधन खरं आहे, पण त्यातून सासऱ्यांनी काढलेला अर्थ खरा नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या ग्लेन जेफरी यांनी २०२० मध्ये २८ ते ७२ वयाच्या २४ निरोगी माणसांना ६७० नॅनोमीटरचा लाल प्रकाश रोज तीन मिनिटं, दोन आठवडे दिला. चाळिशीपुढच्यांची रंगांतला फरक ओळखण्याची क्षमता काहीशी सुधारली. डोळ्यांचा आजार असलेली माणसं त्यात घेतलेलीच नव्हती. प्रकाशाची लांबी आणि तीव्रता मोजूनमापून दिली होती. बाजारातल्या टॉर्चवर नुसतं 'रेड' लिहिलेलं असतं, आतून किती शक्तीचा झोत येतो ते कुणी मोजलेलं नसतं. चीनमध्ये मुलांचा चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून घरी वापरायची लाल प्रकाशाची यंत्रं निघाली, तिथं एका १२ वर्षांच्या मुलीच्या पडद्याला इजा झाल्याची नोंद २०२३ मध्ये झाली. यंत्रातून दिलेल्या प्रकाशाची ही कथा, मग टॉर्चचं काय.

सुक्या एएमडीसाठी दवाखान्यात द्यायचं एक यंत्र आहे, व्हॅलेडा. ते ५९०, ६६० आणि ८५० नॅनोमीटरचा प्रकाश देतं आणि अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला मान्यता दिली. लाइटसाइट-३ या चाचणीत १०० रुग्ण होते. १३ महिन्यांनी उपचार घेतलेल्यांना तक्त्यावरची सरासरी ५.४ अक्षरं जास्त वाचता आली, खोटा उपचार दिलेल्यांना ३. फरक अडीच अक्षरांच्या आत. तक्त्याच्या एका ओळीत पाच अक्षरं असतात, म्हणजे अर्धी ओळ. दर चार महिन्यांनी नऊ-नऊ बैठका. मी हा आकडा रुग्णांना आहे तसा सांगते आणि ठरवायचं त्यांच्यावर सोडते. माझ्या आईला असता तर मी धावाधाव केली नसती.

गोळ्यांचं. ज्यांच्या मागं मोठ्या चाचणीचा आधार आहे असं मिश्रण एकच, आणि ते तंतुकणिकांच्या नावानं विकलं जात नाही. २००१ च्या एरेड्स आणि २०१३ च्या एरेड्स-२ चाचण्यांमधून आलेलं: क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम, ई ४०० युनिट, ल्युटिन १०, झिआझँथिन २, जस्त ८०, तांबं २ मिलिग्रॅम. मधल्या टप्प्यातल्या, किंवा एका डोळ्यात पुढचा टप्पा गाठलेल्या रुग्णांमध्ये पाच वर्षांत आजार पुढं सरकण्याचा धोका साधारण एक चतुर्थांशानं कमी झाला. सुरुवातीच्या टप्प्यात फायदा दिसलेला नाही, आणि आजार नसलेल्यांनी घ्यायचं कारणच नाही. बीटा-कॅरोटीन असलेली जुनी बाटली घरात असेल आणि माणूस विडी-सिगारेट ओढत असेल किंवा ओढत होता, तर ती देऊ नका. धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणूनच ते काढून ल्युटिन घातलं. जस्ताचं प्रमाण मोठं आहे, डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. ओमेगा-३ चा उपयोग एरेड्स-२ मध्ये दिसला नाही.

पालक, मेथी, शेवग्याचा पाला, मका, अंड्याचा बलक हे ताटात असू द्या. पण नुसत्या जेवणातून जस्ताचा चाचणीतला डोस येत नाही.

आणि विडी-सिगारेट बंद. हातात असलेल्या गोष्टींपैकी सगळ्यात मोठी हीच.

सदाफुली
१३ जानेवारी, रात्री ११.१५

टॉर्च काढून घेतली. रागावलेत, पण तुमचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला तेव्हा 'अर्धी ओळ' ऐकून गप्प झाले. डॉक्टर, मनापासून आभार. एक विचारते, सासूबाई मशेरी लावतात, त्यांचे डोळे अजून चांगले आहेत. त्यांनाही धोका आहे का?

दृष्टांत
१४ जानेवारी, सकाळी ८.००

एएमडीबद्दलचा भक्कम पुरावा धूम्रपानाचा आहे. मशेरी मात्र तोंडाच्या कर्करोगासाठी पुरेशी वाईट आहे, तेवढ्या एका कारणावर सोडवा. पन्नाशी उलटलेल्या सगळ्यांनी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. नुसता चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे पडदा तपासणं नव्हे.

तळकोकणी
१४ जानेवारी, रात्री ९.३०

कबूल केल्याप्रमाणे लिहितो. वडिलांचा सुका आजार चार वर्षं तसाच होता. आम्ही निर्धास्त झालो. एके दिवशी सकाळी ते ओटीवर बसले होते, म्हणाले, "खिडकीचो गज वाकलो कसो?" आम्हाला वाटलं गजाबद्दलच बोलतायत. दादानं जाऊन गज हातानं चाचपून बघितला. डोळ्याबद्दल बोलतायत हे कळायला पंधरा दिवस गेले, आणि त्या पंधरा दिवसांत पीतबिंदूखाली रक्तस्राव झाला.

नव्या, नाजूक रक्तवाहिन्या खालून वर घुसतात आणि गळतात, तो ओला प्रकार. डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर आईला घेरी आली होती. प्रत्यक्षात थेंब टाकून डोळा बधिर करतात, टोचणं क्षणाचं. पहिले तीन महिने महिन्याला एक, नंतर स्कॅन बघून अंतर वाढवत नेलं. महाग औषध आणि स्वस्त औषध असा प्रश्न आला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की २०११ च्या कॅट चाचणीत स्वस्तातलं बेव्हासिझुमॅब आणि महागातलं रॅनिबिझुमॅब नजरेच्या बाबतीत बरोबरीनं उतरले. आम्ही स्वस्तातलं घेतलं, टिकलं. एका डोळ्याची मधली नजर मात्र गेली ती गेलीच.

चौकटींच्या कागदाला अ‍ॅम्सलर ग्रिड म्हणतात. जवळचा चष्मा लावून, एक डोळा झाकून, हातभराच्या आतच धरून मधल्या ठिपक्याकडे बघायचं. मग दुसरा डोळा. रेघा वाकड्या दिसल्या किंवा डाग दिसला तर त्याच आठवड्यात डॉक्टर. आमच्याकडे आता फ्रिजच्या दारावर आहे.

दृष्टांत
१४ जानेवारी, रात्री १०.१०

तळकोकणी, हे लिहिलंत ते फार बरं झालं. भर एवढीच की आशियाई रुग्णांत पॉलिपॉइडल प्रकार जास्त दिसतो, त्यात रक्तस्राव मोठा आणि अचानक होऊ शकतो. त्यामुळे आपल्याकडे 'बघू पुढच्या महिन्यात' अजिबात नको.

ओसरी
१६ जानेवारी, संध्याकाळी ६.४५

सगळ्यांचे आभार. ग्रिड लावली. आईनं फ्रिजवर नको म्हटलं, देवघराच्या दारावर लावली, "रोज सकाळी तिथं उभी राहतेच मी." उजव्या डोळ्यानं सगळ्या रेघा सरळ, डाव्या डोळ्यानं ठिपक्याशेजारी एक धूसर पट्टा. त्या पट्ट्याभोवती मी पेन्सिलीनं तारखेसह खूण केली. वाढला तर कळेल.

पेशीपुराण, एक प्रश्न मनात घर करून बसलाय. तंतुकणिका आईकडूनच मुलांना येतात. मग तिचा आजार माझ्याकडे, आणि माझ्या मुलीकडे, सरळ रेषेत येणार का?

पेशीपुराण
१६ जानेवारी, रात्री ११.५०

सरळ रेषेत नाही. तंतुकणिकांतला डीएनए तुमच्यात आईंकडूनच आला हे बरोबर: १६,५६९ अक्षरांचं एक वर्तुळ, ३७ जनुकं, त्यातली १३ प्रथिनांची. पण एएमडीचा वारशातला मोठा वाटा पेशीकेंद्रातल्या जनुकांचा आहे. २००५ मध्ये सीएफएच हे जनुक सापडलं, शरीराच्या संरक्षणयंत्रणेला आवर घालणाऱ्या प्रथिनाचं. दुसरं मोठं ठिकाण दहाव्या गुणसूत्रावर. ही दोन्ही आई आणि वडील, दोघांकडून येतात. आणि जनुक असलं म्हणजे आजार होतोच असंही नाही.

तंतुकणिकांचा वाटा किती, हे बघण्यासाठी कॅलिफोर्नियात, अर्व्हाइनच्या विद्यापीठात, क्रिस्टिना केनी यांच्या गटानं सुंदर प्रयोग केले. आरपीईच्या एकाच वाणाच्या पेशी घ्यायच्या, त्यांच्यातल्या तंतुकणिकांचा डीएनए काढून टाकायचा, आणि वेगवेगळ्या माणसांच्या रक्तातल्या प्लेटलेट त्यांच्यात मिसळून त्यांच्या तंतुकणिका भरायच्या. म्हणजे घर तेच, चूल मात्र दुसऱ्याची. एएमडीच्या रुग्णांच्या तंतुकणिका भरलेल्या पेशी लवकर मरायला लागल्या. पेशीकेंद्र तेच असूनही. म्हणजे चुलीचा वाटा आहे, नुसत्या घराचा नाही.

तुमच्या हातात काय, तर डॉक्टरांनी सांगितलेलं: वर्षाला पडदा तपासणं. मुलीला आत्ता काही करायची गरज नाही, सिगारेटपासून लांब राहणं सोडून.

मिनिआपोलिसकर
१७ जानेवारी, सकाळी ६.५०

तंतुकणिकांवर थेट काम करणाऱ्या औषधाचंही सांगून ठेवतो, कारण घरोघर ही बातमी अर्धवट पोचते. एलामिप्रेटाइड नावाचं औषध तंतुकणिकांच्या आतल्या पटलातल्या कार्डिओलिपिन या स्निग्ध पदार्थाला जाऊन चिकटतं. पुढच्या टप्प्याच्या सुक्या एएमडीत त्याची दुसऱ्या टप्प्याची चाचणी झाली, रुग्ण रोज स्वतः त्वचेखाली इंजेक्शन घ्यायचे. २०२२ मध्ये निकाल आला, ठरवलेली मुख्य उद्दिष्टं साधली नाहीत. पण ओसरीताई, तुमच्या आईंची ती पांढरी रेघ, ती मात्र औषध घेतलेल्यांत कमी झिजली. म्हणून पुढच्या मोठ्या चाचण्या रेघेवरच लक्ष ठेवून आखल्या गेल्या.

बाजारात आलेली दोन औषधं, पेगसेटाकोप्लान आणि अ‍ॅव्हासिनकॅप्टाड, अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झाली. ती तंतुकणिकांवर नाहीत, संरक्षणयंत्रणेवर आहेत. डोळ्यात इंजेक्शनं घ्यायची, झिजेचा डाग वाढण्याचा वेग थोडा कमी होतो, गेलेली नजर परत येत नाही. युरोपच्या औषध संस्थेनं पेगसेटाकोप्लानला नकार दिला.

ओसरी
२ फेब्रुवारी, दुपारी ४.२०

बरेच दिवसांनी. परवा संध्याकाळी आईला हा धागा पहिल्यापासून वाचून दाखवला. रेघ, वाढपी, चूल, सगळं तिनं नीट ऐकलं. अंधारात पंप जास्त चालतात हे तिला फार पटलं, "म्हणूनच देवघरात वेळ लागतो होय" म्हणाली. ते कारण पूर्ण तेच नाही, उतारवयात मध्यबिंदूच्या आसपासच्या दंडपेशी शंकूपेशींच्या आधी कमी होतात आणि अंधाराला सरावायला वेळ लागतो, ते तिला सांगितलं. देवघरात आता पायाशी एक छोटा दिवा कायम चालू ठेवला आहे. तांदूळ निवडायला काळं ताट आणलं. तिरप्या नजरेनं बघायची सवय तिची तिनंच लावून घेतली आहे.

मिनेसोटाच्या डोळ्यांशी आल्यावर तिनं थांबवलं. "म्हणजे त्यांचे बिघडलेले डोळेच कामाला आले?" मी हो म्हटलं. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "माझे घेतील का गं?"

दृष्टांत, घेतात का? मला उत्तर देता आलं नाही.

दृष्टांत
२ फेब्रुवारी, रात्री ९.०५

घेतात, ओसरीताई. पुढची पारदर्शक बुबुळाची काच, कॉर्निया, दुसऱ्याला बसवतात, तिचा पडद्याच्या आजाराशी संबंध नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं तरी चालतं. जवळच्या नेत्रपेढीचा अर्ज भरून घ्या आणि पेढीचा नंबर घरातल्या सगळ्यांकडे ठेवा, कारण प्रसंगी संमती नातेवाइकांनाच द्यावी लागते. पडदा अभ्यासासाठीही द्यायची आईंची इच्छा असेल तर अर्ज भरतानाच तसं सांगा.

सगळ्यांसाठी लिहून ठेवते: मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, जितकं लवकर तितकं बरं. पापण्या मिटवायच्या, वर ओला स्वच्छ कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, पंखा बंद करायचा.

ओसरी
४ फेब्रुवारी, सकाळी १०.३०

अर्ज भरला. सही करताना तिला रेघ दिसत नव्हती, मी बोट ठेवलं, तिनं बोटाच्या शेजारी सही केली. नंबर देवघराच्या दारावर, ग्रिडच्या खाली लिहिला आहे.